“नावं द्या, बाकी मी बघतो”: एका तालुक्यातल्या एकल महिलांच्या सर्वेक्षणाचं पुढे काय झालं

विधवा, नवऱ्याने सोडलेल्या अशा एकल महिलांच्या सर्वेक्षणाचं हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं आहे. तालुक्याचं, गावांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही. सर्वेक्षणातून निघालेले आकडेही इथे दिलेले नाहीत. एकदा एक आकडा छापून आम्ही काय करून बसलो ते पुढे आलंच आहे. मी या कामात माहितीची जुळवाजुळव आणि तक्ते पाहत होते, त्यामुळे चुकांमधला बराचसा वाटा माझा आहे.

पार्श्वभूमी

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आमच्याकडेही ठराव होऊ लागले. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण गावात विधवा किती, त्यांना निराधारचा पगार (संजय गांधी निराधार योजनेची महिन्याची मदत) मिळतो का, नवऱ्याच्या जमिनीवर नाव लागलंय का, असं विचारलं की सरपंच ग्रामसेवकाकडे बघायचे आणि ग्रामसेवक खिडकीबाहेर.

ही माहिती तयार कुठेच नव्हती. जनगणना 2011 ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) ताजी होती, पण तिचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात. शिवाय त्यात मुलाखती होतात त्या 15 ते 49 वयाच्या बायकांच्या. आमच्याकडच्या विधवांत साठीच्या पुढच्या खूप, म्हणजे त्या त्यात धरल्याच जात नाहीत. कोविडनंतर 2021 मध्ये ‘मिशन वात्सल्य’खाली तालुका समित्यांनी याद्या केल्या होत्या, पण त्या कोविडने गेलेल्यांच्या घरच्या. अपघाताने, दारूने, कर्जापायी गेलेल्यांच्या बायका त्यात नव्हत्या. नवऱ्याने सोडलेल्या तर कुठल्याच यादीत नव्हत्या.

या शेवटच्या गटाबद्दल थोडं सांगायला हवं. ‘परित्यक्ता’ हा शब्द फॉर्मवर असतो, गावात नसतो. गावात ‘माहेरी असते’, ‘नांदत नाही’, फार तर ‘टाकलेली’ म्हणतात. अशा बाईला “लग्न झालंय का?” विचारलं तर ती “हो” म्हणते, कारण ते खरं असतं. गळ्यात मंगळसूत्र असतं, घटस्फोट झालेला नसतो, आणि ती ‘विवाहित’च्या रकान्यात जाऊन बसते. जनगणनेत विभक्त बायकांसाठी रकाना आहे, 2011 ला तर विभक्त आणि घटस्फोटित वेगळे मोजले गेले. पण रकाना असून भागत नाही, प्रश्न तसा विचारावा लागतो. आमच्या सर्वेक्षण करणाऱ्या बायका गावातल्याच होत्या, त्यातल्या बऱ्याच स्वतः एकल. त्यांनी प्रश्न बदलून घेतला: “मागच्या दिवाळीला नवऱ्याच्या घरी होतात का?” या एका प्रश्नाने जेवढ्या बायका दिसायला लागल्या, तेवढ्या आधीच्या चाचणीत दिसल्याच नव्हत्या.

सर्वेक्षण 2022 च्या दसऱ्याच्या आधी झालं. मोबाईलवर कोबो या सर्वेक्षणाच्या अॅपचा फॉर्म, घरटी पाऊण तास. सुरुवातीला एक संमतीचा परिच्छेद वाचून दाखवायचा. त्यातलं शेवटचं वाक्य मीच लिहिलं होतं: “तुमचं नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही.” लिहिताना मला ते फार चांगलं वाटलं होतं.

अहवाल 8 मार्च 2023 ला प्रकाशित झाला. दीडशेच्या आसपास पानं, इंग्रजीत, मागे मराठी सारांश. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह, पुष्पगुच्छ, अधिकाऱ्यांच्या हातात एकेक प्रत धरून फोटो. ऑगस्टमध्ये एका कार्यालयात गेले तेव्हा आमची प्रत कपाटावर दिसली. कव्हरवर आवक क्रमांकाचा शिक्का व्यवस्थित मारलेला, आणि बांधणी अजून इतकी घट्ट की उघडताना कडकन आवाज झाला.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला आम्हाला वाटलं, अहवाल जाड झाला, इंग्रजी झाला, म्हणून वाचला गेला नाही. मग चार पानी मराठी पुस्तिका काढली, रंगीत आलेख घातले. तिचंही काही झालं नाही. तेव्हा आम्ही अहवाल बाजूला ठेवून लोकांनाच विचारत फिरलो की तुम्हाला यातून काय हवंय.

तहसीलदारांनी पुस्तिका दोन मिनिटं चाळली. माणूस चांगला होता, हे मुद्दाम सांगते. त्यांनी एका आलेखावर बोट ठेवलं. पात्र दिसणाऱ्या किती टक्के महिलांना संजय गांधी निराधार योजनेचा लाभ नाही, असा तो आलेख. म्हणाले, “ताई, माझ्याकडे अर्ज येतात, टक्के येत नाहीत. टक्क्यावर मी सही कुठे करू? नावं द्या, बाकी मी बघतो. पुढच्या महिन्यात कॅम्प लावतो.”

ग्रामसेवक म्हणाले, “तालुक्याचं राहू द्या, माझ्या गावाचं सांगा.” (आता पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात.) ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के खर्च महिला आणि बालकल्याणावर करायचा असतो. तो दरवर्षी शिलाई मशीन किंवा अंगणवाडीच्या खेळण्यांवर जातो, कारण दुसरं काय करावं हे कुणी आकड्यात मांडून दिलेलं नसतं. त्यांना एका पानावर काहीतरी हवं होतं, तेही 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी.

आणि ज्यांची माहिती होती त्या बायका विचारत होत्या, “लिहून नेलंत, त्याचं काय झालं?” सर्वेक्षणातल्या आमच्या सहकारी त्याच गावांत राहतात. बाजाराच्या दिवशी हा प्रश्न त्यांना भाजी घेताना ऐकावा लागायचा. आम्हाला तालुक्याच्या ऑफिसात बसून तो ऐकू येत नव्हता.

तिघांना तीन वेगळ्या मापाची माहिती हवी होती: एकाला नावं, एकाला गावाचा आकडा, तिसरीला तिच्या स्वतःच्या कागदाचं उत्तर. आम्ही केला होता तो तालुक्याच्या टक्केवारीचा अहवाल. त्या टक्केवारीवर सही करू शकेल असं तालुक्यात एकही टेबल नाही.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबर 2023 मध्ये दोन दिवस बैठक चालली. पहिला पर्याय सरळ होता: यादी देऊन टाकायची. अधिकारी मदत करायला तयार आहेत, त्यांची बदली कधीही होईल, संधी जाईल. कागदावर नाव, गाव आणि ‘अर्ज करायचा राहिला’ एवढंच असेल, मारहाणीबद्दल किंवा पोटगीबद्दल काही नसेल.

विरोध मी केला, कारण वाक्य माझं होतं. यादी एकदा तहसीलच्या निराधार शाखेत गेली की ती साहेबांपुरती राहत नाही. मंजुरीच्या समितीवर अशासकीय सदस्य असतात, शाखेबाहेर एजंट बसलेले असतात, आणि “तुमचं काम करून देतो, पहिला हप्ता आमचा” असं सांगत घरी येणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना इतकी नीट यादी दुसरीकडे कुठे मिळणार?

यावर आमच्या एका सहकारीने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती स्वतः विधवा आहे, तिचा पगार दोन वर्षं अडकला होता. म्हणाली, “ताई, तुमचा शब्द तुमच्यासाठी मोठा आहे. माझं नाव कुणी दिलं असतं तर मी रागावले नसते, पेढे दिले असते.” दुसरी लगेच म्हणाली, “आणि माझं दिलं असतं तर? माझा दीर पंचायतीत आहे.” दोघी एकाच वस्तीतल्या.

दुसरा पर्याय, गावपातळीचा सगळा नाद सोडून मंत्रालयापर्यंत धोरणाचं टिपण न्यायचं. तो कुणालाच फारसा पटला नाही.

तिसरा, प्रत्येकीकडे परत जाऊन विचारायचं की नाव द्यायचं का, कुणाला, कशासाठी. यातच शहाणपण होतं हे सगळ्यांना दिसत होतं. पण प्रकल्प संपला होता, देणगीदाराच्या अंदाजपत्रकात ‘परत जाणे’ अशी ओळ नव्हती, आणि प्रवासभत्त्याशिवाय बायकांना फिरा म्हणणं बरोबर नव्हतं.

चौथा पर्याय गावपत्रकाचा. नावं नाहीत, फक्त त्या गावाचे आकडे, एक पान. झटपट होणारं, स्वस्त, ग्रामसेवकांनी मागितलेलं, आणि दिलेला शब्दही पाळला जातोय. आम्ही चौथा आधी घेतला आणि तिसरा ‘पैसे मिळाले की’ म्हणून पुढे ढकलला. हा क्रम चुकला.

गावपत्रक आणि त्यातला एक आकडा

पत्रक बनवताना मात्र मेहनत घेतली. पहिला मसुदा घेऊन एका गावात बचतगटाच्या बैठकीत गेलो. गोल आलेखाला एका मावशींनी “ही भाकरी कशाला तोडलीय?” असं विचारलं, म्हणून गोल आलेख काढले. टक्क्यांऐवजी ‘दर दहा जणींत’ असं लिहून दहा ठिपके काढले, काही भरलेले, काही रिकामे. ते लगेच कळलं. सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते मागच्या पानावर. तिथे प्रत्येक अडचणीसमोर टेबल लिहिलं होतं: वारस नोंद राहिलीय तर तलाठी, शिधापत्रिका वेगळी करायचीय तर पुरवठा शाखा, पगाराचा अर्ज सेतूतून तहसीलला, सोबत हे हे कागद. त्या एका बाजूसाठी अहवालातल्या दीडशे पानांपेक्षा जास्त प्रश्न आले.

2 ऑक्टोबर 2023 च्या ग्रामसभेआधी पत्रकं ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागली. एका लहान गावच्या पत्रकात एक ओळ होती: ‘परित्यक्ता: 1’. खालच्या तक्त्यात आणखी एक: ‘पोटगीचा दावा चालू: 1’.

संध्याकाळी त्या गावातून आमच्या सहकारीला फोन आला. “नाव न्हाई लिवलं म्हणता, पण बोर्डावर मीच हाय की.”

दाव्याचं तिने माहेरच्यांनाही नीट सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पत्रक काढलं. पण तोपर्यंत कुणीतरी त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला होता. तो कसा काढणार? आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिने चहा केला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही मोजायला आलात तेव्हा मला बरं वाटलं होतं.”

त्या रात्री आम्ही सगळी पत्रकं मागे घेतली. मग बसून नियम केले, जे खरं तर छापण्याआधी करायचे असतात. पाचाहून लहान आकडा गावपातळीवर छापायचा नाही. हे सोपं वाटतं, पण पुरत नाही. समजा पत्रकावर एकूण एकल महिला 19 आहेत आणि विधवा 18, तर परित्यक्तांचा आकडा झाकून काय उपयोग, वजाबाकी कुणालाही येते. म्हणजे एक आकडा झाकायचा तर त्याच्या शेजारचा दुसराही झाकावा लागतो, नाहीतर गटच एक करावे लागतात. आम्ही गावपत्रकावर फक्त ‘एकल महिला’ एवढा एकच गट ठेवला. पोटगी, मारहाण, कोर्टकचेरी हे तालुक्याच्या खाली कुठेच द्यायचं नाही असं ठरवलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत काही ठिकाणी आकड्याऐवजी चांदणी असते. 25 हून कमी बायकांवर आधारलेला आकडा असेल तर ते तो छापत नाहीत, 25 ते 49 असेल तर कंसात छापतात. त्यांचं कारण मुख्यतः आकडा भरवशाचा नसणं हे आहे. मी ती चांदणी कितीतरी वेळा पाहिली होती आणि दरवेळी वैतागून पुढे गेले होते.

लहान गावांचं काय करायचं हा प्रश्न उरला. आधी पंचायत समितीचे गण घेऊन पाहिले, पण गण ही निवडणुकीची हद्द आहे, तिथे कुणी काम करत नाही. मग तलाठ्याचा सजा घेतला. दोन-तीन गावं एकत्र आल्यामुळे कुणी ओळखू येत नव्हतं, आणि उत्पन्नाचा अहवाल, वारस नोंद ही दोन्ही कामं ज्याच्या टेबलावर असतात तोच माणूस त्या पानाचा मालक होत होता. झाकण्यासाठी केलेली तडजोड उलट जास्त उपयोगी निघाली.

दुसरी फेरी

डिसेंबरमध्ये थोडे पैसे जमले आणि परत जायचं ठरलं. या वेळी चिठ्ठीवर तीन वेगळे चौकोन होते. पगाराच्या अर्जासाठी माझं नाव तहसीलला द्या. वारस नोंदीसाठी माझं नाव तलाठ्याला द्या. कुणालाच देऊ नका. नाव कोण कोण पाहील तेही वाचून दाखवायचं, समितीच्या सदस्यांसकट.

निघालो, आणि घरांना कुलुपं. आमच्याकडची निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत येते. हे आम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पहिली फेरी दसऱ्याआधी याच कारणाने घेतली होती. पण पैसे डिसेंबरात आले आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा होता. राहिलेल्या घरी शेवटी एप्रिलमध्ये स्वखर्चाने गेलो.

उत्तरं मात्र शिकवणारी होती. पगारासाठी नाव द्यायला बहुतेक तयार झाल्या. जमिनीसाठी तयार होणाऱ्या फार कमी. पगार सरकारकडून येतो, जमीन दिराकडून मागावी लागते. “सातबाऱ्यावर नाव लागलं तर राशनचं पोतं कोण आणून देईल?” असं एकीने विचारलं. आम्ही आधी एकच चौकोन ठेवला असता, तर याच बायकांनी सगळ्यालाच नाही म्हटलं असतं. फलकावर दिसलेल्या त्या बाईने तिसऱ्या चौकोनावर खूण केली, आणि खूण नीट उमटली का ते दोनदा बघितलं.

तहसीलचं कॅलेंडर

यादी तयार झाली तेव्हा मार्च 2024 पासून लोकसभेची आचारसंहिता लागलेली. कॅम्प नाही. जूनमध्ये ती उठली, तेव्हा आधीचे तहसीलदार बदलून गेले होते. नव्या मॅडमना आम्ही पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले. सेतूबाहेरच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या. त्या महिन्यात आमचे कागद पाहायला कुणाला वेळ असणं शक्यच नव्हतं.

इथे एक गोष्ट घडली जी आमच्या कुठल्याच नियोजनात नव्हती. तेव्हा निराधार योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळत होते, लाडकी बहीणमध्येही 1,500. दोन्ही एकदम मिळत नाहीत. निराधारसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख. 21,000 म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. तेवढ्याच रकमेसाठी एकीकडे दिवसाला 58 रुपयांची अट आणि दुसरीकडे अडीच लाखांची. साहजिकच ज्यांच्यासाठी आम्ही दीड वर्ष धडपडत होतो त्यातल्या अनेकींनी सेतूत जाऊन लाडकी बहीणचा अर्ज भरला आणि आम्हाला सांगितलं, “राहू द्या आता निराधारचं.”

म्हणजे आमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, ‘पात्र असून लाभ नाही’, दोन महिन्यांत शिळा झाला. पुण्याच्या एका सल्लागारांनी तो तसाच वापरत राहा असं सुचवलं, कारण नवा मोजायला पैसे नव्हते. आम्ही वापरला नाही. प्रत्येक पत्रकावर वर मोठ्या अक्षरात तारीख टाकली: ‘ही माहिती 2022 च्या दसऱ्याआधीची आहे. लाडकी बहीण योजनेच्या आधीची.’ त्यामुळे पत्रकाचं वजन कमी झालं, हे खरं आहे. पण एका बैठकीत कुणीतरी “हा आकडा तर जुना” म्हणून उठलं, तेव्हा ते आधीच लिहिलेलं असल्यामुळे बैठक पुढे चालू राहिली.

ऑगस्टअखेर कॅम्प झाला. तिथे आम्ही एक साधी गोष्ट केली: प्रत्येक अर्ज कोणत्या कागदापाशी अडला ते टेबलाशेजारी उभं राहून वहीत लिहिलं. संध्याकाळी वहीतून एक शिडी काढली, पायरीपायरीने किती बायका गळतात ती. विधवा मुख्यतः उत्पन्नाच्या दाखल्यापाशी गळत होत्या. परित्यक्ता त्याच्याही आधी, शिधापत्रिकेपाशी, कारण त्यांचं नाव भावाच्या कार्डावर असतं आणि मग भावाचं उत्पन्न हे तिचं उत्पन्न ठरतं. नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा कागद नाही, तर नवं कार्ड नाही. आणि तो कागद आणायला पुन्हा त्याच घरी जायचं.

ही शिडी अर्ध्या पानाची होती. मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “पुरवठ्याचं टेबल पुढच्या कॅम्पला शेजारीच लावू.” एवढंच. ना अहवाल, ना सादरीकरण. हा निर्णय त्यांच्या हातातला होता, शिडीवर ती पायरी दिसत होती, आणि त्यांनी तो तिथल्या तिथे घेतला. 21,000 ची अट त्यांच्या हातात नव्हती, त्यावर त्या फक्त हसल्या. ती शिडी आम्ही लोकप्रतिनिधींकडेही दिली. पुढे काही झाल्याचं कळलेलं नाही.

दुसरा कॅम्प ऑक्टोबरअखेर ठरला होता. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली.

जमिनीचा रकाना

फॉर्म लांबतोय म्हणून सुरुवातीला जमिनीचे तीन प्रश्न काढून टाकायचं ठरत होतं. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर जमीन आहे का, ते हयात आहेत का, तुमचं नाव लागलं का. मीही काढा म्हणणाऱ्यांत होते. आमच्या सहकारींनी हट्ट धरला म्हणून ते राहिले. अहवालात त्यांना अर्धं पान मिळालं.

एप्रिल 2025 मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. तलाठ्यांना चावडी वाचन करून मयतांची यादी करायची होती, आणि वेळ थोडा. आमच्याकडे सजावार पानं तयार होती: तुमच्या सजात साधारण इतक्या एकल महिलांच्या घरी वारस नोंद राहिलेली आहे. आणि ज्यांनी दुसऱ्या चौकोनावर खूण केली होती त्यांची नावं, त्यांच्या संमतीने. तीन-चार तलाठ्यांनी पान मागून घेतलं. एकाने तर वही काढून आपली यादी आणि आमचा आकडा जुळवून पाहिला आणि म्हणाला, “माझे कमी येतायत, वाड्यावरचे राहिलेत.” नाव न देणाऱ्या बायकांच्या घरचे मयत खातेदारही त्याने मग चावडी वाचनात घेतले, तेही आम्ही कुणाचं नाव न सांगता. आधी नाही म्हणालेल्या काही जणी तेव्हा स्वतःहून पुढे आल्या. सगळ्या गावाच्याच नोंदी चालल्या होत्या, त्यामुळे दिराकडे मागायला गेली असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

अडीच वर्षांतलं सगळ्यात ठोस काम या रकान्याने केलं.

काय निघालं, आणि आता कसं करू

पगार मंजूर झालेल्या बायका आम्ही धरल्या होत्या त्याच्या निम्म्याही नाहीत. काहींनी लाडकी बहीण घेतली, काही कागदापाशी थांबल्या, काही स्थलांतरात हुकल्या. वारस नोंदी धरल्यापेक्षा जास्त झाल्या. दोन ग्रामपंचायतींनी 10 टक्क्यांतून कागदपत्रांच्या खर्चासाठी तरतूद केली, शिलाई मशीनऐवजी. बाकीच्यांनी मशीनच घेतली.

आज पुन्हा करायचं झालं तर संमतीचे चौकोन पहिल्याच दिवशी ठेवू. ‘कुणालाही सांगणार नाही’ हे वाक्य लिहिणार नाही, ‘तुम्ही सांगाल त्यालाच, तुम्ही सांगाल त्याच कामासाठी’ असं लिहू. 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, तेव्हापासून सगळेच सावध झालेत, पण त्याआधीही हे करता आलं असतं. अंदाजपत्रकातला निदान चौथा हिस्सा अहवालानंतरच्या वर्षासाठी ठेवू. आणि पत्रक छापायच्या आधी ते त्या गावातल्या एका बाईला वाचायला देऊ, एकच प्रश्न विचारून: यात कोण ओळखू येतंय? संगणकाने पाचाखालचे आकडे झाकता येतात, पण ‘किराणा दुकान चालवते: 6’ यातली सहावी कोण हे फक्त गावालाच माहीत असतं.

यादी तहसीलदारांना तेव्हाच द्यायला हवी होती का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पेढे दिले असते म्हणणारी सहकारी अजूनही म्हणते की त्या एका महिन्यात जे झालं असतं ते पुढच्या दीड वर्षात झालं नाही. हिशोब केला तर ती चूक नाही.

फलकावरची ती बाई डिसेंबर 2024 च्या कॅम्पला आली होती, कुणी न बोलावता. पुरवठ्याच्या टेबलावर तिचं कार्ड भावापासून वेगळं झालं. तिथून ती उत्पन्नाच्या दाखल्याला गेली. तलाठ्याने 36,000 लिहिले. “याच्या खाली लिहिलं तर वर विचारतात,” तो म्हणाला. तिचा अर्ज अजून तिथेच आहे.